ओल्या हातातली नक्षी

शोभेच्या साबणाचं कौतुक नेहमी कोरड्या हातांनी होतं. हळदीकुंकवाच्या वाणात, बारशाच्या परतभेटीत किंवा दिवाळीच्या खोक्यात एखादी गुलाबाच्या आकाराची वडी मिळते. आत वाळल्या पाकळ्या दिसत असतात, वरून सोनेरी चमक फिरवलेली असते. घेणारी ती नाकाशी नेते, उजेडाकडे धरून पाहते, ‘घरी केलाय?’ असं विचारते आणि पर्समध्ये टाकते. करणारीला मिळणारी पावती एवढीच. पुढे त्या वडीचं काय झालं हे तिला सहसा कळत नाही. पुष्कळदा ती कपाटात साड्यांच्या घडीत जाऊन बसते, कारण ‘इतका सुंदर साबण वापरवत नाही’. हे वाक्य करणारीला शाबासकीसारखं वाटतं. मला मात्र या कलेवरचा सगळ्यांत अवघड आक्षेप त्याच वाक्यात दिसतो. साबण अंगाला लावून संपवायचा असतो. ज्या सजावटीमुळे तो वापरलाच जात नाही, किंवा दोन आंघोळींत केविलवाणा दिसू लागतो, ती सजावट साबणाची राहिलेली नसते. म्हणून माझं म्हणणं असं, की रंग, वास, आकार, तेल यांतली प्रत्येक निवड वडी ओली झाल्यावर काय होईल हे बघून करावी. ती टेबलावर किंवा फोटोत कशी दिसेल हा प्रश्न त्यानंतरचा. ऐकायला हे साधं आहे. पण हा निकष खरोखर लावला, तर हौशी वर्गांतून शिकवली जाणारी बरीचशी सजावट बाद होते, आणि जी उरते तिला कसब जास्त लागतं.

घरी साबण करायच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत तयार सोप बेस आणायचा, त्याचे तुकडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवायचे, रंग-सुगंध घालून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे. तासा-दोन तासांत वडी हातात. दुसरी वाट तेलापासून सुरू होते. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी तेलात मिसळायचं आणि चमच्याची रेघ वर उमटेपर्यंत मिश्रण घोटायचं. या अवस्थेला करणारे ‘ट्रेस’ म्हणतात. मग साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी कापायचं आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्यायचं. तेलापासून करणारे बेस वितळवणाऱ्यांकडे जरा नाक मुरडून पाहतात. ‘दुसऱ्याने केलेला साबण वितळवून ओतणं ही कला कसली?’ असा त्यांचा सूर असतो. हा आक्षेप मला पटत नाही. तयार सुतापासून विणणाऱ्याला कुणी विणकर म्हणायचं सोडत नाही. शिवाय घरात लहान मुलं असतील, स्वयंपाकघर एकच असेल, तर कॉस्टिकला हात न लावणं हाच शहाणपणा आहे. बेसचं काम कमी दर्जाचं नाही, पण त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. त्या ओळखल्या नाहीत तर काम बिघडतं, आणि बिघाड उघडा पडतो तो मोरीत.

बेसची पहिली मर्यादा त्याच्या देखणेपणातच लपलेली आहे. साधा साबण थिजताना त्याचे स्फटिक मोठे होतात, प्रकाश विखुरतो आणि वडी अपारदर्शक दिसते. बेसमध्ये ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल अशी द्रव्यं भरपूर असतात. ती स्फटिकांना वाढू देत नाहीत, म्हणून तो काचेसारखा आरपार दिसतो. लंडनमध्ये अँड्र्यू पिअर्सचा पारदर्शक साबण १८०७ साली आला, तेव्हा हे काम अल्कोहोलच्या मदतीने साधलं होतं. पण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबरात मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात उघडी राहिलेली बेसची वडी रातोरात घामेजते. त्या थेंबांचे फोटो दवासारखे छान येतात (आणि काही जण ते मुद्दाम काढतातही), पण हाताला ती चिकट लागते आणि वरचा कागद ओला होऊन फाटतो. उपाय सोपा आहे. वडी पुरती निवली की लगेच पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची, आणि लवकर घट्ट व्हावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवायची नाही, कारण बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरतं. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे एका गावात शिकलेली कृती दुसऱ्या गावात जशीच्या तशी चालेल हे गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट, ही सगळी द्रव्यं पाण्यात चटकन विरघळणारी असल्यामुळे बेसची वडी साबणदाणीत साचलेल्या पाण्यात लवकर लिबलिबीत होते. म्हणजे ज्या साहित्यात नाजूक जाळीदार आकार सगळ्यांत सहज उतरतात, तेच साहित्य त्या आकारांना सर्वांत कमी दिवस टिकवतं.

थरांचंही तसंच आहे. तीन रंगांचे थर एकावर एक ओतलेली वडी करायला सोपी वाटते. पहिला थर पूर्ण गार झाल्यावर दुसरा ओतला तर दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. फार लवकर, फार कडक ओतला तर पहिल्याला भोक पडतं. वर साय धरलेली पण आत ऊब असलेली अशी अवस्था गाठून, मध्ये सर्जिकल स्पिरिटचा फवारा मारून, दुसरा थर साधारण ५० ते ५५ अंशांवर ओतला तर सांधा बसतो. कच्चा सांधा साच्यातून काढताना कळत नाही. तो कळतो चार-पाच आंघोळींनी, पाणी फटीत शिरून वडीचे दोन तुकडे हातात येतात तेव्हा. पाण्यात विरघळणारा रंग वापरला असेल तर त्याआधीच लाल थर पांढऱ्यात उतरून सीमारेषा पुसट झालेली असते. अभ्रकाची पूड किंवा लोखंडाचं ऑक्साइड जागचं हलत नाही, म्हणून थरांच्या कामाला तीच बरी. थोडक्यात, इथे कसब ओतण्याच्या क्षणाचं आहे, आणि त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात, दुसऱ्याच्या घरी होते.

पाकळ्यांचा मोह सगळ्यांनाच पडतो. पांढऱ्या वडीवर टोचलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पहिल्या आठवड्यात लोभस दिसतात. साबण क्षारयुक्त असतो, त्यात गुलाबाचा रंग टिकत नाही. पाकळी तपकिरी होते, मग काळपट. न्हाताना ती सुटून अंगाला चिकटते आणि मोरीच्या जाळीत अडकते. झेंडूच्या जातीची पिवळी-केशरी पाकळी मात्र तग धरते, कारण तिचा रंग कॅरोटिनॉइड गटातला आहे आणि क्षाराला सहसा बधत नाही. ती बारीक चुरून आतच मिसळली तर शेवटच्या चकतीपर्यंत दिसत राहते. ताज्या पपईचा गर, काकडीचा कीस, कोरफडीचा नुकताच काढलेला गर हे बेसमध्ये घालणं मी चूकच समजतो. बेसचं टिकाऊपण त्यातल्या पाण्याच्या बेतशीर प्रमाणावर चालतं. वरून ताजी फळं-पानं घातली की तो बेत मोडतो आणि बुरशीला घर मिळतं. ‘शंभर टक्के ताज्या काकडीचा’ ही जाहिरात म्हणून उत्तम आणि अंगाला लावायची वस्तू म्हणून वाईट. काकडी कोशिंबिरीत शोभते.

रंगाच्या बाबतीत तर आपल्या घरांत हे ज्ञान कधीचंच होतं, फक्त ते साबणाशी कुणी जोडलं नाही. हळदीत क्षार मिसळून लाल कुंकू करण्याची रीत जुनी आहे. तीच क्रिया साबणात होते. हळद घालून लख्ख पिवळी वडी मिळेल अशी अपेक्षा करणाऱ्याला तेलापासून केलेल्या साबणात आधी तांबडा, मग विटकरी-बदामी रंग मिळतो, आणि उजेडात ठेवल्यास तोही फिका पडत जातो. बिटाचा गुलाबी रंग क्षारात मातकट होतो. जास्वंदीचा लाल राखाडी-हिरव्याकडे झुकतो. कडुनिंबाच्या किंवा पालकाच्या पुडीचा हिरवा काही आठवड्यांत तपकिरी होतो. याउलट रतनज्योत तेलात लालभडक असते आणि साबणात आल्यावर जांभळट निळी होते. हा बदल ठाऊक असेल तर तोच हवासा रंग म्हणून वापरता येतो. शेंद्रीचा केशरी, निळीचा निळा, गेरूचा तांबडा, कोळशाचा काळा हे आपापल्या जागी राहतात. म्हणजे निसर्गातून आलेला रंग चांगला आणि कारखान्यातला वाईट, ही विभागणी इथे उपयोगाची नाही. क्षाराला, पाण्याला आणि उजेडाला कोणता रंग पुरून उरतो, हे पाहावं लागतं. त्यातही प्रमाण आहेच. साधी खूण अशी, की वडी कितीही गडद असो, फेस पांढराच आला पाहिजे. फेस रंगीत आला, पंचाला डाग पडला, तर रंग जास्त झाला असं समजावं. फोटोत गडद रंग उठून दिसतो म्हणून हात सैल सुटतो, आणि त्याची किंमत पंचा मोजतो.

सुगंधाबद्दल थोडक्यातच सांगता येईल. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन पांढऱ्या वडीला हळूहळू तपकिरी करतं, तेव्हा ते शुभ्र कामात वापरूच नये. लवंग आणि दालचिनीचं तेल कच्च्या मिश्रणात पडताच ते क्षणात घट्ट होतं, नक्षीला वेळच उरत नाही, आणि ही तेलं त्वचेलाही झोंबतात. लिंबू-संत्र्याचा वास वाळवणीच्या आठवड्यांतच उडतो, वाळ्याचा राहतो. मोगऱ्याच्या नावाने मिळणारं स्वस्त तेल कृत्रिम असतं, कारण अस्सल अर्क फार महाग. कृत्रिम असल्याने ते वाईट ठरत नाही, पण त्याला ‘फुलांचा अर्क’ म्हणून विकणं वाईट.

आता आकाराकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. साबणावर नक्षी दोन तऱ्हांनी येते. एक पृष्ठावर: साच्यातून उठलेला उठाव, ब्रशने फिरवलेली सोनेरी पूड, वर बसवलेली फुलं. दुसरी वडीच्या पोटातून आरपार: दोन-तीन रंगांची मिश्रणं एकमेकांत ओतून काडीने फिरवलेली लाट, किंवा लांब लादीत रचून मग आडवी कापलेली आकृती. पहिली पहिल्याच आंघोळीत जाते. दुसरी वडी झिजेल तशी नवी नवी दिसत राहते, कारण प्रत्येक पापुद्र्याखाली पुढची रेघ तयार असते. यावर कुणी म्हणेल, की कारखान्याच्या वडीवरचं नावही चार दिवसांत पुसलं जातंच. म्हैसूर सँडल साबणावर सिंहाचं धड आणि हत्तीचं डोकं असलेला शरभ उमटवलेला असतो. तोही विरघळतो, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. हे खरं आहे. पण तो शरभ ओळख पटवण्यापुरता आहे. म्हैसूर संस्थानात १९१८ साली सुरू झालेल्या त्या साबणाची खरी कमाई चंदनाच्या तेलात आहे, आणि ते वडीच्या अखेरच्या चकतीत असतं. उठाव पुसला गेला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा करणाऱ्याचे सगळे कष्ट उठावातच खर्च झालेले असतात आणि खाली नुसता फिका, वास उडालेला गोळा उरतो. त्याशिवाय पातळ पाकळ्यांच्या गुलाबाला कडा फार. कडा आधी झिजतात, टोकदार राहिल्या तर टोचतात, खाचांत पाणी साचून वडी आतून भिजते. गोलसर, हाताच्या मुठीत मावणारी, दोन-अडीच सेंटिमीटर जाड वडी फोटोत साधी दिसते आणि मोरीत सर्वांत जास्त दिवस सुबक राहते. साबण करणाऱ्याने आकार निवडताना तो ओल्या, फेसाळ हातातून निसटेल का हे एकदा तरी पाहावं. विकत मिळणारे साचे हे पाहून केलेले नसतात.

आरपार नक्षी मात्र सहज जमत नाही. मिश्रण फार पातळ असेल तर रंग एकमेकांत मिसळून राख होते. फार दाट झालं तर लाट न उमटता गोळे पडतात. या दोहोंमधला वेळ तेलांच्या निवडीवर ठरतो, आणि म्हणून सजावटीचा विचार अखेर तेलापर्यंत जाऊन पोचतो. खोबरेलात लॉरिक आम्ल जवळपास निम्मं असतं. त्याने वडी कडक होते आणि दुष्फेन पाण्यातही फेस येतो. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यावर ज्यांना न्हायचं आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. शेंगदाणा किंवा भाताच्या कोंड्याचं तेल मिश्रण हळू घट्ट होऊ देतं, काडी फिरवायला सवड देतं. एरंडेल थोडं घातलं की फेस टिकतो. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात आणि भेगा पडलेल्या टाचांना लावतात, ते वडीला टणकपणा देतं. करंज आणि कडुनिंबाचं तेल त्यांच्या रंग-वासामुळे शोभेच्या कामात अडचणीचं ठरतं, तरी वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीपासून पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगापर्यंत अखाद्य तेलांच्या साबणाचा जो पुरस्कार झाला, त्यामागचा हिशेब विसरण्यासारखा नाही: खायचं तेल धुण्यात घालवू नये. शोभेचा साबण करणारा शेंगदाणा तेल वापरतो तेव्हा हा प्रश्न त्याला विचारता येतो, आणि त्याचं उत्तर ‘वडी महिनाभर कुणाच्या तरी उपयोगी पडली’ एवढंच असू शकतं. कपाटात पडलेल्या वडीला तेही उत्तर नाही.

तेल बदललं की कॉस्टिक बदलतो, हे इथेच सांगायला हवं. १ किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला सुमारे १३६ ग्रॅम. खोबरेल महाग म्हणून कुणी कृती तशीच ठेवून शेंगदाणा तेल घातलं, तर जवळजवळ ४७ ग्रॅम मोकळा क्षार वडीत राहील आणि तो कातडी भाजेल. म्हणून तेलागणिक हिशेब करून, वर साधारण पाच टक्के तेल न साबणता उरेल इतका क्षार कमी धरतात. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. मिश्रण आपोआप ८० अंशांच्या वर तापतं. जर्मनचं पातेलं मुळीच चालत नाही, क्षार ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टील घ्यावं, चष्मा आणि हातमोजे घालावेत, अंगावर उडाला तर भरपूर पाण्याने धुवावं. हे सगळं नक्षीच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण वजनकाटा नसलेल्या घरात सुंदर वडी होऊ शकते आणि ती धोक्याचीही असू शकते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

इथे ‘केमिकल नसलेला साबण’ म्हणणाऱ्यांचा विचार करावा लागतो. प्रदर्शनांतल्या पाट्यांवर हे शब्द फार दिसतात. तेल आणि क्षार यांची रासायनिक क्रिया झाल्याशिवाय साबण होतच नाही. तेलाचा रेणू फुटून मेदाम्लांचे क्षार, म्हणजेच साबण, आणि ग्लिसरीन वेगळे होतात. चरबीची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरलने उलगडली आणि १८२३ साली ग्रंथरूपाने मांडली. हिशेब बरोबर असेल तर तयार वडीत मोकळा कॉस्टिक उरत नाही, हे सांगणं पुरेसं आहे आणि खरंही आहे. ज्यांना खरोखर क्षार नको त्यांच्यासाठी डाळीचं पीठ, रिठा, शिकेकाई, उटणं आहेतच. साबणाचा सामू साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. कितीही हळद-चंदन घातलं तरी हे अंतर मिटत नाही. पाटीवरचा खोटेपणा आणि वडीवरची सोनेरी पूड या मला एकाच जातीच्या गोष्टी वाटतात. दोन्ही विकत घेण्याच्या क्षणापुरत्या आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. तो असा, की भेटीचा साबण मुळात वापरण्यासाठी नसतोच. तो पाहण्यासाठी, ठेवण्यासाठी, वास घेण्यासाठी असतो, आणि त्यात गैर काय? याला आधारही आहे. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९२४ पासून आयव्हरी साबणावर कोरीवकामाच्या स्पर्धा भरवल्या. मुलांनी त्या पांढऱ्या मऊ वड्यांतून प्राणी, माणसं, इमारती घडवल्या. थायलंडमध्ये, विशेषतः चियांग माईच्या बाजारांत, साबणातून कोरलेली रंगीत फुलं डब्यांत घालून विकतात आणि ती कुणी मोरीत नेत नाही. ही कला खरी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिथे साबण हे शिल्पाचं माध्यम आहे. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. आपल्याकडच्या वाणातल्या वडीबद्दल तसा करार नसतो. ती ‘त्वचेसाठी उत्तम’ म्हणून दिली जाते आणि शिल्पासारखी केलेली असते. शिवाय कपाटात ठेवलेला साबण शिल्पासारखा टिकतही नाही. वास जातो, रंग उतरतो, न साबणलेलं तेल खवट होऊन केशरी ठिपके पडतात. कुणी रांगोळीचा दाखला देतात, की तीही दुसऱ्या दिवशी पुसली जाते, मग टिकण्याचा आग्रह कशाला? रांगोळीचं काम पाहण्यातच पुरं होतं. पुसण्याआधी ते झालेलं असतं. साबणाचं काम तो झिजत असताना चालू असतं. त्यामुळे नक्षीलाही झिजण्याच्या काळात हजर राहावं लागतं. ज्यांना फक्त शोभेची वस्तू करायची आहे त्यांनी ती जरूर करावी, कोरून करावी, आणि वर तसं लिहावं.

एका प्रकाराबाबत मात्र मला तडजोड करावीशी वाटत नाही, आणि तो म्हणजे खाण्याच्या पदार्थांसारखे साबण. मोदकाच्या साच्यात साबण ओतणं सोपं, जिलबी, बर्फी, केकचा तुकडा हुबेहूब साधणं ही गंमतही मोठी. पण हेच साबण गोड वासाचे असतात आणि सणाच्या दिवसांत, मिठाईच्याच खोक्यांत, लहान मुलांच्या हाती लागतील असे दिले जातात. अन्नासारख्या दिसणाऱ्या अशा वस्तूंमुळे मुलांना धोका होतो म्हणून युरोपीय समुदायाने १९८७ सालीच त्यांच्या विक्रीविरुद्ध निर्देश काढला. आपण कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही. मोदकाचा साचा मोदकालाच ठेवावा.

‘बाजारात इतका स्वस्त आणि चांगला साबण मिळत असताना हा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न घरातलेच लोक विचारतात. कारखान्याचा साबण वाईट असतो असं सांगून याचं उत्तर देऊ नये. भारतीय मानकानुसार अंघोळीच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत एकूण मेदद्रव्य किमान ७६ टक्के लागतं, दुसरीत ७०, तिसरीत ६०. चांगली कंपनी ते पाळते आणि घरगुती करणाऱ्याकडे ते मोजायची सोयच नसते. सोप बेसमध्ये तर मेदद्रव्य याहून बरंच कमी असतं. कारखान्यात साबण दाबून, पिळून, ठशाखाली बसवला जातो, म्हणून तो घट्ट होतो आणि पुरतो. दिवाळीच्या पहाटे मोती साबणाची जाडजूड गोल वडी घरोघरी निघते, ती आकार आणि वास दोन्हींत पुष्कळ दिवस आपलं रूप सांभाळते, आणि ओल्या हातातली परीक्षा म्हणजे काय हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही. घरगुती साबणाला स्वस्ताईत किंवा टिकाऊपणात जिंकायचं नाही. त्याला जे जमतं ते वेगळं: एकाच लादीतून कापलेल्या दहा वड्यांत दहा वेगळ्या लाटा, एका घराच्या पाण्याला आणि कातडीला जुळणारं तेलांचं प्रमाण. हे कारखान्याला परवडत नाही. पण हे दोन्ही गुण वापरल्यावरच कळणारे आहेत.

विक्रीचा विचार करणाऱ्या बचत गटांना आणि एकट्या-दुकट्या करणाऱ्यांना एक गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण आधी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट काढली गेली. आज २०२० च्या नियमांखाली अंगाचा साबण विकण्यासाठी करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि तयार बेस वितळवून नव्या वेष्टनात घालणंही कायद्याच्या भाषेत उत्पादनातच मोडतं. घटकांची यादी, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावा हे वेष्टनावर असावं लागतं. छोट्या करणाऱ्याला ही अट जड जाते हे मी मान्य करतो; खर्च आणि जागेच्या अटी मोठ्या कारखान्याला डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारख्या वाटतात. पण तिच्यामागची अपेक्षा रास्त आहे. ती वडी कुणीतरी अंगाला लावणार आहे, हे कायद्याने गृहीत धरलेलं आहे, आपणही धरावं. त्यासाठी परवान्याची वाट न पाहता करता येण्याजोगं एक काम आहे. प्रदर्शनातल्या टेबलावर नव्या वड्यांच्या रांगेत त्याच लादीतली, पंधरा दिवस वापरलेली एक वडी साबणदाणीसकट ठेवावी, शेजारी तिची तारीख आणि तेलं लिहावीत, आणि एक बादली पाणी व पंचा ठेवून विचारणाऱ्याला हात धुवून बघू द्यावेत.